डागाळलेल्या भिंगाचा वंश

डोंबिवलीचा फडके रोड असो, ठाण्याचा गोखले रोड असो की कल्याणचा शिवाजी चौक, चष्म्याच्या दुकानात नंबर काढून झाला आणि फ्रेम पसंत पडली की काउंटरपलीकडून ठरलेला प्रश्न येतो, ‘काका, अँटीग्लेअर करायचं ना?’ दर वाढणार म्हणून काका थोडे कुरकुरतात आणि मग हो म्हणतात. चार दिवसांनी चष्मा हातात येतो. ट्यूबलाइटखाली तो तिरका धरला, की काचेवर फिकट हिरवी झाक दिसते. बहुतेकांची समजूत अशी, की काचेवर काहीतरी हिरवं फासलंय.

तसं काही फासलेलं नसतं. रंग म्हणजे काय हे डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला आणि त्याचे फोटो देशभर फिरले. तो रंग पदार्थाचा होता, बुटाला लागणारा होता. चष्म्यावरची झाक वेगळ्या जातीची. पावसाळ्यात रिक्षा स्टँडजवळच्या डबक्यात पेट्रोल सांडतं आणि त्यावर मोरपंखी पट्टे उमटतात, त्या पट्ट्यांची ती सख्खी बहीण. पाण्याला रंग नाही, पेट्रोलच्या त्या पापुद्र्यालाही नाही. रंग येतो तो थराच्या पातळपणातून. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना मारतात, काही एकमेकांना जोर देतात. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात. रॉबर्ट हूकने अभ्रकाच्या आणि साबणाच्या पापुद्र्यांवर हे रंग सतराव्या शतकात बारकाईने पाहिले, न्यूटनने ते मोजले आणि १८०१ च्या सुमारास टॉमस यंगने प्रकाशाला लाट मानून त्यांचा उलगडा केला.

पण पापुद्र्याचे रंग समजणं वेगळं आणि त्याच पापुद्र्याकडून काचेची चकाकी घालवून घेणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीचं कूळ शोधत गेलं, तर ते काचेच्या एका दोषापाशी जाऊन थांबतं.

बव्हेरियातला योझेफ फ्राउनहोफर काच ओतणारा, भिंगं घासणारा कारागीर. शाळेत त्याचं नाव येतं ते सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांसाठी. त्या रेषा त्याने १८१४ च्या सुमारास पाहिल्या आणि मोजल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८१७ साली, त्याने काचेवर आम्लाचे प्रयोग केले. आम्लाने काचेचा पृष्ठभाग किंचित खाल्ला गेला आणि तिथून परतणारा उजेड कमी झाला, हेही त्याच्या नजरेला आलं. म्हणजे वर्णपटाचा अभ्यास आणि काचेवरचा लेप ही पुढे स्वतंत्र वाढलेली दोन घराणी एकाच माणसाच्या कार्यशाळेतून निघाली. ती पुन्हा एकत्र यायला सव्वाशे वर्षं लागली. फ्राउनहोफर एकोणचाळिसाव्या वर्षी गेला आणि आम्लाच्या निरीक्षणाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

मग १८८६ साली लॉर्ड रॅले यांना एक विसंगती दिसली. काच किती प्रकाश परतवील याचं गणित फ्रेनेलने आधीच मांडून ठेवलं होतं. साध्या काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती मंदावते तो आकडा) १.५२ धरला, तर एका पृष्ठभागावरून सुमारे सव्वाचार टक्के प्रकाश मागे फिरायला हवा. रॅलेंच्या जुन्या काचा त्याहून कमी परतवत होत्या. तीच काच नव्याने घासून लखलखीत केली, की आकडा गणिताजवळ यायचा. म्हणजे हवेत पडून काचेवर जो गंज धरला होता, त्यानेच चकाकी कमी केली होती.

या गोष्टीची खरी गंमत कळली ती हॅरल्ड डेनिस टेलर यांना. इंग्लंडमधल्या यॉर्क गावी टी. कूक अँड सन्स ही दुर्बिणींची पेढी होती, तिथे ते भिंगांची रचना करत. छायाचित्रकारांच्या ओळखीचं ‘कूक ट्रिप्लेट’ हे तीन भिंगांचं लेन्स त्यांचंच. दुर्बिणीचं भिंग काही वर्षांत जांभळट, निळसर डागाळतं आणि मालक हवालदिल होतो, हे त्यांच्या धंद्यातलं नित्याचं दुखणं होतं. टेलर यांनी मोजून पाहिलं तर डागाळलेलं भिंग नव्यापेक्षा जास्त उजेड आत सोडत होतं. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे जाहीर सांगितलं आणि दुर्बीणवाल्यांना धीर दिला, की डाग घासून काढण्याच्या फंदात पडू नका. पुढे १९०४ साली त्यांनी रसायनाने मुद्दाम भिंग डागाळण्याचं पेटंटही घेतलं. ग्राहकाने तक्रार घेऊन यावं आणि दुकानदाराने तीच तक्रार उद्यापासून जादा पैसे घेऊन विकावी, असा हा प्रकार. फक्त इथे दुकानदार खरं बोलत होता.

टेलर यांची पद्धत धंद्यात मात्र रुजली नाही. प्रत्येक जातीची काच वेगळ्या वेगाने डागाळते. एकीवर छान पातळ थर येतो, दुसरी नुसती खरखरीत होते. थर किती जाड होणार यावर कुणाचा ताबा नव्हता, आणि सगळा खेळ जाडीचाच होता.

तो खेळ आकड्यांत पाहू. काचेवर तिच्याहून कमी अपवर्तनांकाचा थर बसवायचा आणि त्याची जाडी अशी राखायची, की थराच्या तळापासून परतलेली लाट वरून परतलेल्या लाटेच्या बरोबर उलट्या ठेक्यात बाहेर यावी. मग दोघी एकमेकींना खोडतात. त्यासाठी थराच्या आत प्रकाशाची जी तरंगलांबी असेल, तिच्या चौथाई जाडी लागते. मॅग्नेशियम फ्लुओराइडचा अपवर्तनांक १.३८. डोळ्याला सगळ्यात ठळक दिसणाऱ्या हिरव्यापिवळ्या प्रकाशासाठी, म्हणजे ५५० नॅनोमीटरसाठी, हिशोब केला तर जाडी येते सुमारे १०० नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा थराने सव्वाचार टक्क्यांचं परावर्तन सव्वा टक्क्यावर येतं. चष्म्यात हा फरक नजरेच्या सुखाचा. कॅमेऱ्यात तो जगण्या-मरण्याचा. पाच सुटी भिंगं असलेल्या लेन्सला दहा पृष्ठभाग असतात आणि लेप नसेल तर सुमारे पासष्टच टक्के प्रकाश पलीकडे पोचतो. उरलेला आतल्या आत भटकतो आणि फोटोवर धुकं आणतो.

१९३० च्या दशकात निर्वात पंप सुधारले आणि ताबा हाती आला. हवा काढून घेतलेल्या भांड्यात पदार्थ तापवायचा, त्याची वाफ सरळ काचेवर जाऊन बसते. येना इथल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली अशा लेपाचं पेटंट मिळवलं आणि जर्मन सैन्याने ते गुपित म्हणून दडवून ठेवलं. युद्धात पाणबुडीच्या पेरिस्कोपातून जास्त उजेड दिसणं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कॅलिफोर्नियात जॉन स्ट्राँग यांनी १९३६ साली कॅल्शियम फ्लुओराइड वापरून तेच स्वतंत्रपणे केलं आणि सरळ छापून टाकलं. १९३९ मध्ये कार्टराइट आणि टर्नर यांनी मॅग्नेशियम फ्लुओराइडही वापरून पाहिलं. पुढे काच तापवून त्यावर ते चढवलं की लेप टणक होतो हे कळलं, आणि तेव्हापासून आजतागायत ते बाजारात आहे.

याच काळातल्या कॅथरिन ब्लॉजेट यांच्यापाशी मात्र थांबायला हवं. केंब्रिजची भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत त्या पाण्यावर तरंगणारा साबणासारखा एक-रेणू जाडीचा पापुद्रा काचेवर उचलून घेत, एकावर एक. असे ४४ पापुद्रे रचले की काच जवळजवळ दिसेनाशी व्हायची. १९३८ च्या शेवटी वर्तमानपत्रांनी ‘अदृश्य काच’ म्हणून तिचा गाजावाजा केला. लेप बोटाने पुसला जायचा, त्यामुळे चष्म्यासाठी तो कुचकामी ठरला. पण ब्लॉजेटबाईंनी आणखी एक गोष्ट केली, तिचं महत्त्व मला ‘अदृश्य काचे’हून जास्त वाटतं. एकाच पट्टीवर त्यांनी कमीजास्त जाडीच्या पायऱ्या रचल्या. प्रत्येक पायरीचा रंग वेगळा. आता कुठल्याही अनोळखी पापुद्र्याचा रंग या पट्टीशी ताडून पाहायचा, की त्याची जाडी कळली. रंगावरून जाडी ओळखायची ही युक्ती म्हणजे दुरावलेली दोन घराणी पुन्हा जवळ आल्याची पहिली खूण.

कुंभाराकडे माठ घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. आतली भेग दिसत नाही, पण नाद सांगतो. लेपाचं असंच आहे. १०० नॅनोमीटरचा थर फोडून बघता येत नाही, पट्टी लावून मोजता येत नाही. त्यावर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकायचा, किती परतला आणि किती आरपार गेला याचा आलेख काढायचा आणि त्या आलेखावरून थर कसा आहे ते ओळखायचं. या आलेखालाच वर्णपट म्हणतात.

अडचण अशी, की थर ठाऊक असेल तर वर्णपट काढणं सोपं, पण वर्णपट हाती असताना थर ओळखणं कठीण. थोड्या जाड आणि कमी अपवर्तनांकाच्या थराचा नाद थोड्या पातळ आणि जास्त अपवर्तनांकाच्या थरासारखाच येऊ शकतो. एका उत्तरामागे दहा माठ उभे राहतात. मग उलट बाजूने निघायचं: थर असा असेल असं गृहीत धरून त्याचा वर्णपट गणिताने काढायचा, मोजलेल्या वर्णपटाशी जुळवायचा, फरक दिसला की गृहीतक सुधारायचं आणि पुन्हा जुळवायचं. संगणकावरची प्रतिकृती म्हणजे सिम्युलेशन इथे शिरलं ते अशाच उलट्या हिशोबासाठी.

त्याचंही एक कूळ आहे. एका थराचं गणित कागदावर होतं. पण दहा थर रचले तर प्रत्येक सीमेवरून परतलेली प्रत्येक लाट पुन्हा इतर सगळ्या सीमांवर आपटते आणि हिशोबाचा गुंता होतो. पॅरिसमधले फ्लोरिन आबेलेस यांनी १९५० च्या सुमारास तो सोडवला. प्रत्येक थरासाठी चार आकड्यांचा एक चौकोन मांडायचा आणि थर ज्या क्रमाने रचले त्याच क्रमाने चौकोन गुणत जायचं, की शेवटी सगळ्या रचनेचं परावर्तन हाती येतं. आजही चष्म्याच्या लेपापासून लेझरच्या आरशापर्यंत सगळी गणितं याच पद्धतीने चालतात. हाताने ते करणं म्हणजे एकेका तरंगलांबीसाठी तासन् तास घालवणं. १९५८ साली फिलिप बाउमाइस्टर यांनी थरांची जाडी थोडी थोडी बदलत हव्या त्या परावर्तनाकडे सरकायचं काम संगणकाला लावलं. १९६५ मध्ये कॅनडात डोब्रोवोल्स्की यांनी आणखी पुढे जाऊन सुरुवातीची रचनाही संगणकालाच शोधायला सांगितली. १९८० च्या दशकात मॉस्कोच्या तिखोनरावोव्ह यांनी सुईची युक्ती काढली: रचनेत कुठेही सुईच्या टोकाइतका नवा थर टोचून पाहायचा, त्याने उत्तर सुधारलं तर तो वाढवायचा.

या सगळ्यात पदार्थाचा अपवर्तनांक आधी माहीत आहे असं धरलेलं असतं. तो कुठून आणायचा? पुस्तकातला आकडा घन स्फटिकाचा असतो. भट्टीत वाफ होऊन बसलेला थर सच्छिद्र असतो, त्यात ओलावा शिरतो, थराच्या तळाशी घनता वेगळी आणि माथ्याशी वेगळी. तोच पदार्थ दोन कारखान्यांत दोन अपवर्तनांकांचा निघतो. म्हणून प्रत्येक यंत्राच्या प्रत्येक लेपाचा अपवर्तनांक त्याच लेपाच्या वर्णपटातून काढावा लागतो. १९८३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या स्वानेपुल यांनी यासाठी एक साधी रीत दिली. आरपार गेलेल्या प्रकाशाच्या आलेखाला डोंगर-दऱ्या असतात. डोंगरांच्या माथ्यांवरून एक रेषा आणि दऱ्यांच्या तळांवरून दुसरी रेषा काढायची. त्या दोन रेषांमधल्या अंतरातून अपवर्तनांक निघतो आणि डोंगरांच्या संख्येतून जाडी.

महाराष्ट्रात पातळ थरांचं काम घरोघरी पोचलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती फार होणार नाही. कारण महागड्या निर्वात यंत्राशिवाय थर बसवण्याची विद्या आपल्याकडे चांगली वाढली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक द्रावणात काच बुडवून पातळ थर बसवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी आता राज्यभरच्या महाविद्यालयांत शिकवतात. बीकर, हॉट प्लेट, काचेची स्लाइड आणि विभागात एखादं यूव्ही-व्हिजिबल यंत्र, एवढ्यावर एमएस्सीचा प्रकल्प उभा राहतो. माझी तक्रार एकच आहे. यातले पुष्कळ प्रकल्प वर्णपट काढून ताऊकचा आलेख जोडतात, त्यावरून पदार्थाचा बँडगॅप, म्हणजे तो कुठल्या ऊर्जेपासून पुढचा प्रकाश गिळतो तो आकडा, लिहितात आणि थांबतात. त्याच कागदात थराची जाडी, अपवर्तनांक, सच्छिद्रता दडलेली असते, ती फारसं कुणी विचारत नाही. नाद ऐकला, पण माठ घ्यायचा की नाही ते ठरवलंच नाही.

ज्यांनी विचारलं त्यांच्यापैकी काही जण ठाण्याच्या खाडीच्या काठावरच बसतात. खाडीच्या पश्चिम तीरावर ट्रॉम्बे आहे आणि तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र. वर्णपटाचं काम तिथे जुनं आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटातल्या काही पट्ट्यांना ज्यांचं नाव मिळालं, ते आर. के. असुंडी तिथल्या वर्णपट विभागाचे. पुढे तिथेच लेझरसाठी लागणारे लेप तयार होऊ लागले. अतिनील लेझरची अडचण अशी, की त्या तरंगलांबीला बहुतेक चांगले पदार्थ प्रकाश गिळतात. एन. के. साहू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅडोलिनियम ऑक्साइड इलेक्ट्रॉन झोताने तापवून त्याचे थर बसवले आणि त्यात सिलिका मिसळून पाहिली. साधं गणित म्हणतं, सिलिकाचा अपवर्तनांक कमी, तेव्हा मिश्रणाचाही त्या प्रमाणात उतरणार. प्रत्यक्षात १० ते २० टक्के सिलिका मिसळलेले थर प्रकाशाच्या आणि पृष्ठभागाच्या गुणांत शुद्ध थरापेक्षा सरस निघाले. कारण मिसळल्यावर अणूंची मांडणीच बदलते. सरासरी काढणाऱ्या प्रतिकृतीला ते दिसत नाही, वर्णपटाला दिसतं.

याच केंद्राने लडाखमधल्या हानले इथे ‘मेस’ नावाची गॅमा किरणांची दुर्बीण उभी केली, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिचं उद्घाटन झालं. तिचा २१ मीटर व्यासाचा आरसा धातूच्या शेकडो छोट्या आरशांचा बनलेला आहे. हे आरसे सव्वाचार हजार मीटर उंचीवर घुमटाशिवाय उघड्यावर असतात, आणि धूळ, थंडी यांपासून त्यांना वाचवतो तो सिलिकाचा एक पातळ लेप.

आतापर्यंत प्रश्न होता, थर कसा आहे. गेल्या पंचवीस वर्षांत त्याहून अवघड प्रश्न पुढे आला: तो तसा का आहे, आणि अजून कुणी न बनवलेला थर कसा असेल? हा प्रश्न विचारायला भाग पाडलं ते गुरुत्वीय लहरींनी, आणि त्यामुळे कथा आता हिंगोली जिल्ह्यात येते.

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याचं आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं मुंबईतलं बांधकाम संचालनालय मिळून हे काम करत आहेत. आयुकातले संजीव धुरंधर तर लहरींचा माग गोंगाटातून कसा काढायचा यावर ही वेधशाळा कागदावरही नव्हती तेव्हापासून काम करत होते. चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, प्रत्येकीच्या टोकांना आरसे, मध्ये लेझर. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, तेव्हा भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही लहान होता.

आरसा ३४ सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर जाड, ४० किलो वजनाचा, अतिशुद्ध सिलिकाचा. त्यावर सिलिका आणि टँटॅलम ऑक्साइड यांचे आलटून-पालटून थर, एकूण जाडी जेमतेम सहा मायक्रोमीटर. भुजेच्या टोकाचा आरसा दहा लाखांतले सुमारे पाचच भाग प्रकाश पलीकडे जाऊ देतो. असे लेप फ्रान्समधल्या लिऑनच्या प्रयोगशाळेत चढवले गेले. चष्म्याच्या अँटीग्लेअरचं काम प्रकाश थोपवू नये हे, या लेपाचं काम सगळाच परत पाठवावा हे; गणित मात्र तेच, आबेलेसचं.

१९९८ साली युरी लेविन यांनी या आरशांच्या उष्णतेच्या थरथरीचा हिशोब नव्याने मांडला. कुठल्याही पदार्थाचे अणू उष्णतेने हलत असतात, आणि पदार्थ आतल्या आत जितकी ऊर्जा खातो, तितकी ही थरथर मापनात घुसते. लेविन यांनी दाखवलं, की लेझर जिथे पडतो त्या पृष्ठभागाजवळची खोट सगळ्यात महागात पडते. तिथे असतो लेप. वीस सेंटिमीटर सिलिकापेक्षा सहा मायक्रोमीटरचा लेप जास्त गोंगाट करतो, आणि त्यातही दोषी टँटॅलम ऑक्साइड. त्यात थोडं टायटॅनियम ऑक्साइड मिसळलं तर गोंगाट कमी होतो, हे करून पाहिल्यावर कळलं. का होतो, ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

ही खोट मोजायची रीत बघा. लेप दिलेली सिलिकाची तबकडी मध्यावर तोलून धरतात, तिला कंप देतात आणि तो विरायला किती वेळ लागतो ते पाहतात. टिचकी आणि नाद, अगदी शब्दशः.

टँटॅलम ऑक्साइडचा थर अस्फटिक असतो; अणू ओळीत नसतात, काचेसारखे विस्कटलेले असतात. अशा पदार्थात अणूंच्या छोट्या टोळ्या दोन मांडण्यांत उड्या मारत राहतात आणि ऊर्जा खातात, ही कल्पना १९७२ साली अँडरसन, हॅल्पेरिन आणि भारतीय वंशाचे चंद्र वर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी मांडली होती. त्या टोळ्या शोधायला आता संगणक बसवला गेला. संगणकात काहीशे-काही हजार अणू घ्यायचे, त्यांच्यातली ओढाताण गणिताने ठरवायची, ते आभासी भट्टीत वितळवायचे आणि झटकन गार करायचे. फ्लोरिडा विद्यापीठात हाय-पिंग चेंग यांच्या गटाने २०१६ साली टँटॅलम ऑक्साइडसाठी, आणि टायटॅनियम मिसळलेल्या टँटॅलम ऑक्साइडसाठीही, हे करून उड्या आणि त्यांचे अडथळे मोजले. अशा प्रतिकृतीत एक मोठी लबाडी असते. खरा थर तासन् तास बसतो. संगणकातला नॅनोसेकंदाच्या आतबाहेर गार होतो. म्हणून प्रतिकृतीतली मांडणी खरी की मनाची, हे तपासायला पुन्हा मोजमापाकडे यावं लागतं. थरावर अगदी तिरका क्ष-किरण टाकून अणूंमधली अंतरं काढली जातात. २०१९ साली झिर्कोनिया मिसळलेल्या थरांवर असं मोजमाप आणि प्रतिकृती यांचा मेळ घातला, तेव्हा दिसलं, की थर तापवला की एकमेकांना कडेने किंवा आख्ख्या बाजूने चिकटलेले अणूंचे घन आकार कमी होतात आणि फक्त कोपऱ्याने जोडलेले वाढतात. कोपऱ्याने जोडलेल्या मांडणीतच नाद जास्त टिकतो.

सिलिकाच्या बाबतीत हेच सांगितलं ते रामन वर्णपटाने. १९२८ साली कोलकात्यात शोधलेला परिणाम इथे कामाला आला. सिलिकाच्या रामन वर्णपटात ६०६ च्या आकड्याजवळ एक टोकदार शिखर असतं, ते तीन-तीन जोडण्यांच्या घट्ट कड्यांचं. थर तापवत गेलं की हे शिखर खाली येतं, आणि त्याच्याबरोबर यांत्रिक खोटही उतरते. २०१८ साली हा संबंध आकड्यांत मांडला गेला. म्हणजे आरसा न वाजवताही प्रकाशाने त्याचा नाद ऐकता येतो.

या सगळ्यातून एक सुगावा मिळाला: ज्या ऑक्साइडची मांडणी मुळातच कोपऱ्याने जोडलेली आहे, ते घ्या. जर्मेनियम ऑक्साइड तसं आहे, पण त्याचा अपवर्तनांक कमी. म्हणून त्यात टायटॅनियम ऑक्साइड मिसळलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात सुमारे ४४ टक्के टायटॅनियम असलेलं हे मिश्रण चांगलं उतरलं. फ्राउनहोफरपासून ब्लॉजेटपर्यंत सगळ्यांनी थर बनवून मग पाहिला. इथे आधी कारण शोधलं गेलं आणि त्या कारणावरून पदार्थ निवडला गेला. लेपाच्या दोनशे वर्षांच्या वंशावळीतली ही मला सगळ्यात मोठी कलाटणी वाटते.

संगणक एकटा हे करू शकला असता, असं मात्र कुणी म्हणू नये. पुण्यात १९९१ साली ‘परम’ उभा राहिला तेव्हापासून महासंगणक म्हटलं की आपली छाती फुगते, आणि दिलीप कान्हेरे यांच्यासारख्यांनी पुणे विद्यापीठात अणूंच्या गुच्छांची पुंजगणितं करून तो अभिमान योग्यही ठरवला. पण लेपाच्या कामात प्रतिकृतीचा प्रत्येक दावा वर्णपटाच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि तिथे पास झाला तरच पुढे जातो. हा शिरस्ता मोडू नये.

हिंगोलीच्या वेधशाळेला लेपांची कायमची गरज असणार आहे, आणि असे लेप तपासू शकणारे हात आधीच आपल्या महाविद्यालयांत आहेत. तेव्हा कल्याण-डोंबिवलीत वा ठाण्यात एमएस्सी करणाऱ्यांना एक सांगणं. स्लाइडचा वर्णपट काढाल तेव्हा बँडगॅपवर थांबू नका. जाडी काढा, अपवर्तनांक काढा, थर तापवून पुन्हा वर्णपट घ्या, तापमान आणि वेळ वहीत लिहा, आणि आबेलेसचं गणित स्वतः लिहून आलेख जुळतो का ते पाहा. त्यासाठी महासंगणक लागत नाही; घरचा लॅपटॉप पुरतो.